निर्विषराव

दुकानात साबण-शांपूच्या फळ्यांपुढे एक गृहस्थ उभे असतात. टोपली रिकामी. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात भिंग, चष्मा कपाळावर चढवलेला आणि ओठ पुटपुटताहेत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, विष्णुसहस्रनाम चाललंय. जवळ गेलं की ऐकू येतं, "सोडियम लॉरेथ सल्फेट... कोकॅमिडोप्रोपिल बीटेन... मिथाइलपॅराबेन! वाटलंच मला." मग ते बाटली फळीवर परत ठेवतात, पण लेबल दर्शनी बाजूला येईल अशी फिरवून, म्हणजे मागून येणाऱ्याचाही जीव वाचावा.

हे निर्विषराव. पाळण्यातलं नाव वेगळं आहे. हे सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. हल्ली दर सोसायटीत असा एक तरी निर्विषराव निघतोच. त्याच जागेवर पूर्वी गव्हांकुराच्या रसाचे प्रचारक असायचे, त्याआधी चुंबकाच्या गादीवाले, आणि त्याही आधी शिवांबूवाले, ज्यांच्याकडे चहाला जायला लोक जरा बिचकायचे. माणसं बदलली, पद चालू आहे.

आमचे निर्विषराव 34 वर्षं बँकेत होते. सही जुळत नाही म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याचा चेक परत पाठवला होता, यावरून काय ते ओळखा. निवृत्त झाले आणि व्हाउचरं सुटली, पण छाननी सुटली नाही. घटक लेबलावर प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापतात हे कळल्यावर तर त्यांना ताळेबंद सापडल्याचा आनंद झाला. पहिलं नाव 'अ‍ॅक्वा'. "म्हणजे पाणी! अडीचशे रुपये मोजून आपण पाणी आणतो!" हे त्यांनी लिफ्टमध्ये तीन मजले समजावून सांगितलं. पुढे कुठल्याशा क्रीमवर 'टोकोफेरॉल' सापडलं तेव्हा ते रात्रभर झोपले नाहीत. सकाळी दुसऱ्या मजल्यावरची बी.एस्सी. करणारी मुलगी म्हणाली, "काका, ते ई-जीवनसत्त्व." निर्विषराव क्षणभर थांबून म्हणाले, "मग तसं लिहायला काय होतं त्यांना?"

त्यांना या वाटेला लावलं एका डॉक्टरीणबाईंनी, आणि वाट खरी होती. नातू झाला, लगेच त्याला कावीळ धरली, आणि रक्ताच्या तपासणीत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असल्याचं निघालं. बाईंनी टाळायच्या औषधांची यादी दिली आणि जाता जाता विचारलं, "घरात डांबरगोळ्या आहेत का? बाळाची दुपटी कुठल्या कपाटातली?" डांबरगोळीत नॅफ्थलीन असतं आणि अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्याच्या वाफेनं फुटू शकतात. दुपटी पणजीच्या लुगड्यांची, आणि लुगडी वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांत मुरलेली. त्या रात्री निर्विषरावांनी घरातलं एकूणएक कपाट उपसलं. नातू ठणठणीत आहे, शाळेत जातो, भांडतो. आजोबा मात्र त्या कपाटातून अजून बाहेर आलेले नाहीत.

सुरुवातीला त्यांनी घराबाहेर जे काढलं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. जंतुनाशक म्हणून मिरवणारा साबण गेला. 2016 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ट्रायक्लोसान धरून 19 घटक अशा साबणांतून काढायला लावले होते, कारण साध्या साबण-पाण्याहून त्यांचा जास्त उपयोग होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. न्हाणीघरातला सुगंधी फवारा गेला. त्याच्या डब्यावर 'फ्रेग्रन्स' एवढा एकच शब्द, आणि त्या एका शब्दाच्या पोटात किती द्रव्यं दडलीत ते कंपनीलाच ठाऊक. लेप उडालेला नॉनस्टिक तवा गेला आणि माळ्यावरचा बिडाचा तवा खाली आला. पहिले चार दिवस घावन चिकटले, मग तवा वळणावर आला. आणि मच्छर कॉइल गेली.

कॉइलचा किस्सा वेगळा सांगायला हवा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं होतं की एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत जातात, तेवढ्यासाठी 75 ते 137 सिगारेटी जाळाव्या लागतील. हा आकडा हाती आल्यापासून निर्विषराव कॉइल लावणाऱ्याला गाठून विचारतात, "काय, काल रात्री किती ओढल्या?" तळमजल्यावरच्या अत्यंत सोवळ्या आजींना त्यांनी हा प्रश्न चारचौघांत विचारला. आजींनी हातातली पूजेची परडी खाली ठेवून जे उत्तर दिलं, ते इथे छापता येणार नाही.

पण कॉइल गेली आणि धुपाटणं आलं. कडुनिंबाचा पाला, गुग्गुळ, ऊद, कापूर आणि शेणाची गोवरी असा सगळा ऐवज पेटवून निर्विषराव तिन्हीसांजेला घरभर फिरू लागले. धूर इतका की समोरच्या इमारतीतून कुणीतरी ओरडून विचारलं, सिलिंडर बंद केलात का? वहिनींना खोकल्याची ढास लागली. निर्विषराव म्हणाले, "अगं, हा नैसर्गिक धूर आहे." फुप्फुसाला हा फरक कसा कळावा, ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी वहिनींनी सुताराला बोलावून खिडक्यांना जाळी ठोकून घेतली आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं साचलेलं पाणी ओतून दिलं. डास गेले. श्रेय धुपाटण्याच्या खात्यावर जमा झालं.

इथेच या जातीची मेख आहे. निर्विषरावांना सोडण्यात गोडी वाटत नाही, बदलण्यात वाटते. डांबरगोळ्या काढल्यावर कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवलं असतं तर काम भागलं असतं. पण ऊन फुकट, त्यावर लेबल नाही, ते वाचता येत नाही. म्हणून वेखंड आलं, कडुनिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्या आल्या, आणि देवदाराच्या लाकडाचे गोळे कुरियरनं आले. पूर्वी त्यांच्या न्हाणीघरात एक साबण, तेलाची एक बाटली आणि पाय घासायची वजरी एवढाच संसार होता. आता तिथे रिठा, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि मुलतानी माती यांचे डबे आहेत, घोसाळ्याची वाळवलेली जाळी आहे, दोन लाकडी कंगवे आहेत, बांबूचे ब्रश आहेत, आणि अंघोळीला आत गेलेला माणूस चुकून सुपारीच्या डब्यात हात घालतोय की काय असं वाटून परत बाहेर येतो. आयुष्यभर कंडक्टरकडून सुटे आठ आणे वसूल करणारा हा गृहस्थ 'रसायनमुक्त' असं लिहिलेल्या वडीला 450 रुपये देतो आणि भिंग काढत नाही.

रिठ्याची गोष्ट सोसायटीभर झाली. रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याचा फेस होतो, मळ निघतो. हे सगळं बरोबर. निर्विषरावांनी रिठे रात्रभर भिजवले, उकळले, कुस्करले आणि गाळून तपकिरी पाणी एका पातेलीत ओट्यावर ठेवलं. शेजारी चिंचेचा कोळ, तोही पातेलीत, तोही तपकिरी. स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावशींनी जे हाताला लागलं ते आमटीत घातलं. आमटीला उकळी आली तशी ती फुगायला लागली. मावशींनी गॅस बारीक केला, फेस वाढला. डाव फिरवला, आणखी वाढला. झाकण उचललं गेलं, फेस ओट्यावरून ओघळला, आणि मावशी "अगंबाई, आमटी उतू चाललीय, दुधागत!" म्हणत बाहेर आल्या. निर्विषरावांनी आत येऊन परिस्थिती पाहिली. "घाबरू नका, नैसर्गिक आहे, पोटात गेलं तरी अपाय नाही," असं म्हणून स्वतःच्या सिद्धान्ताच्या रक्षणासाठी त्यांनी एक चमचा चाखला. त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत. वहिनी म्हणतात, तेवढा वेळ फार शांततेत गेला.

मग बायो-एन्झाइमचं पर्व सुरू झालं. प्रमाण त्यांना तोंडपाठ: गूळ एक भाग, लिंबा-मोसंबीच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग, आणि तीन महिने आंबवणं. सालींसाठी ते रसवंतीवाल्याकडे खेपा घालू लागले. आंबताना वायू होतो, म्हणून पहिला महिना रोज झाकण किलकिलं करून तो सोडावा लागतो, आणि म्हणूनच हे मिश्रण प्लास्टिकच्या बाटलीत करा असं जाणकार सांगतात. प्लास्टिक फुगतं, काच फुटते. पण निर्विषरावांच्या घरात प्लास्टिकला बंदी. त्यांनी लोणच्याच्या सहा काचेच्या बरण्या भरल्या, झाकणं घट्ट लावली, आणि गौरी-गणपतीला कोकणात निघून गेले.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पहिला बार झाला. वॉचमन काठी घेऊन वर आला. आम्ही दारं उघडून जिन्यात उभे, तोवर दुसरा. कुणी म्हणालं सिलिंडर, कुणी म्हणालं चोर, सोवळ्या आजी म्हणाल्या, "म्हातारा परत आला वाटतं." शेजाऱ्यांकडच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा मोरीच्या ओट्याखालून गुळाचं पाणी वाहत होतं आणि मोसंबीची एक साल छताला चिकटलेली होती. उरलेल्या चार बरण्यांची झाकणं कुणी उघडायची यावर सभा भरली. दुसऱ्या दिवशी जिनाभर हातभट्टीचा वास सुटला, आणि संध्याकाळी दोन अनोळखी इसम वॉचमनला "इथं कुठं मिळते?" असं विचारून गेले.

निर्विषरावांचं रसायनशास्त्र हे असं अर्ध्या वाटेवर थांबतं. फरशी पुसायला व्हिनेगर चांगलं आणि खाण्याचा सोडाही चांगला, म्हणून ते दोन्ही एकत्र करतात. फसफस होते, त्यांना कृतार्थ वाटतं. बी.एस्सी.वाली मुलगी सांगते, "काका, आम्लानं अल्कली मारली, अल्कलीनं आम्ल मारलं, वायू उडून गेला. उरलं ते बहुतेक पाणीच." व्हिनेगर वेगळं वापरलं तर नळावरचे क्षारांचे डाग निघतात, सोडा वेगळा वापरला तर घासायला उपयोगी पडतो, पण वेगळं वापरण्यात फसफस नाही. घरी साबण करायला घेतला तेव्हा तर धर्मसंकट उभं राहिलं. खोबरेल आणलं, एरंडेल आणलं, साचा आणला, आणि कृतीत पुढचा घटक निघाला कॉस्टिक सोडा! ज्या बाटलीवर धोक्याचं चिन्ह असतं, तो! त्याच्याशिवाय साबण होतच नाही, आजीच्या काळचाही झाला नाही, आणि तेलाचं माप बरोबर असेल तर तो साबणात शिल्लक राहत नाही, हे कळायला त्यांना आठवडा लागला. कळलं तेव्हा ते खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे साबण हेसुद्धा केमिकलच." त्या दिवसापासून अंघोळीला उटणं. मोरीची जाळी दर रविवारी तुंबते.

नैसर्गिक ते निर्धोक, हे त्यांचं सूत्र. या सूत्राला आजवर एकच माणूस आडवा गेला, आणि तो बी.एस्सी. झालेला नव्हता. निर्विषराव मावशींना दंतमंजनाचं महत्त्व पटवत होते. झाडपाला, मुळ्या, काळी राख, सगळं निसर्गाचं. मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "माझी सासू जल्मभर मशेरी लावायची काका. ती बी झाडाचीच की." मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर झाला होता. निर्विषराव गप्प झाले. कण्हेर झाडाचीच, धोतरा झाडाचाच, हरताळ खाणीतून निघतं आणि त्यात सोमल असतो, जुन्या पद्धतीच्या सुरम्यात शिसं निघतं. मुलांनी कापूर गिळला तर झटके येऊ शकतात. अति तिथे माती म्हणताना आपल्या लोकांनी ती माती कारखान्यातली की शेतातली, असं विचारलं नव्हतं. निर्विषरावांनी त्या दिवशी कापराचा डबा उंच फळीवर ठेवला. मावशींना त्याबद्दल काही बोलले नाहीत. वरच्या अधिकाऱ्यानं चूक काढली की ते बँकेतही असेच वागायचे.

वहिनींचं धोरण निराळं. त्या वाद घालत नाहीत. 'शिकेकाई' असं चिकटपट्टी लावलेल्या डब्यात त्यांनी साधी कपड्यांची पावडर भरून ठेवली आहे. निर्विषराव परवा पाहुण्यांना स्वतःचा सदरा दाखवून म्हणाले, "बघा, केवळ शिकेकाई!" वहिनी पोहे परतत राहिल्या.

आता अ‍ॅसिडबद्दल. दर पंधरवड्याला गेटाशी फिनेल-अ‍ॅसिडवाला सायकलला कॅन बांधून येतो. आमच्या जिन्यांची आणि लॉबीची धुलाई त्याच अ‍ॅसिडवर. मावशी सकाळी घरकामं करतात आणि दुपारी सोसायटीचे जिने धुतात. पॅराबेन, थॅलेट यांवर निर्विषरावांच्या घरी इतकं बोलणं झालं, पण या इमारतीत खरं रसायन रोज ज्यांच्या अंगावर पडत होतं, त्या त्यांच्याच स्वयंपाकघरात उभ्या होत्या. एकदा पोळीचं पीठ मळताना त्यांनी हात झटकला. निर्विषरावांनी भिंग काढलं. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, अंगठ्याची कातडी सुटलेली. भिंगातून त्यांनी पाहिलेलं हे पहिलंच लेबल, ज्यावर अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे आले. मावशींनी ते जपून पिशवीत ठेवले, "नवीन हायेत, खराब व्हायचे." मग निर्विषराव गेटावर गेले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले. विक्रेत्यानं नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं. निर्विषरावांनी सायकलवाल्याकडे नोंदवही मागितली. तो म्हणाला, "काका, माझ्याकडं पेन बी नाही." निर्विषरावांनी पेन दिलं, वही दिली, रकाने आखून दिले. तो पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. सेक्रेटरींनी दुसऱ्या गल्लीतून अ‍ॅसिड मागवलं. तेव्हा निर्विषरावांनी जिन्यात कागद लावला: अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नये, क्लोरीन वायू होतो, 1915 साली युद्धात हाच वायू वापरला होता. त्यांनी आजवर लिहिलेल्या कागदांतला हा सर्वांत उपयोगी, आणि नेमका हाच कुणी वाचला नाही, कारण शेजारी पाणीकपातीची सूचना होती.

वार्षिक सभेत ते दरवर्षी ठराव मांडत, 'जिन्यात अ‍ॅसिड बंद करावे', आणि आरोग्यावर बोलत. तोवर लोक समोशांकडे बघत. यंदा त्यांच्या आधी खजिनदार उठले. लॉबीच्या संगमरवराची चकाकी गेली आहे, जिन्याच्या फरशीचे सांधे उकरले गेले आहेत, मिस्त्रीनं अंदाजपत्रक दिलं आहे. आकडा वाचल्यावर सभेत प्रथमच शांतता पसरली. कुणीतरी विचारलं, "असं कशानं झालं?" खजिनदार म्हणाले, "मिस्त्री म्हणतो, अ‍ॅसिडनं. संगमरवर, सिमेंट, सगळं खातं ते." पाचव्या मिनिटाला अ‍ॅसिड बंदीचा ठराव मंजूर. पुढे साध्या साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं जिने घासायचे, मावशींना तासाचे जादा पैसे द्यायचे, हेही त्याच झपाट्यात मंजूर.

विरोधात एकच हात वर होता, निर्विषरावांचा. "ठराव मान्य आहे, कारण मान्य नाही. 'मानवी आरोग्यासाठी' असं नोंदवा." सेक्रेटरी म्हणाले, "काका, पैसे दुरुस्ती निधीतून वाचताहेत. आरोग्याचं आपल्याकडे खातंच नाही." इतिवृत्तात 'फरशीच्या हिताकरिता' असं लिहिलं गेलं. निर्विषरावांनी त्यावर दुरुस्तीचं लेखी पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे.

मावशींच्या बोटांच्या भेगा दिवाळीपर्यंत भरून आल्या. निर्विषरावांनी भिंगातून हात नीट तपासले आणि त्यांचा चेहरा उजळला. "रिठ्याचं पाणी!" ते वहिनींना म्हणाले. "तरी मी सांगत होतो!" मावशी म्हणाल्या, "व्हय काका." तासाचे जादा पैसे चालू होते, रिठ्यानंच गुण आला म्हटल्यानं त्यांचं काही बिघडत नव्हतं.

त्या आठवड्यात निर्विषरावांनी रिठ्याचं अख्खं पोतं मागवलं आणि दिवाळीची भेट म्हणून घरटी एकेक किलो वाटलं. आमच्याकडची पिशवी तशीच पडून आहे. कुणाला हवी असल्यास घेऊन जावी. मात्र चिंचेजवळ ठेवू नये.